नाल्यावर दर आठवड्याला धूर, तरी इमारतीत तिघांना डेंग्यू

ऐरोलीकर:
गणपतीपासून आमच्या इमारतीत तिघांना डेंग्यू झाला. त्यात माझा नववीतला मुलगा, चार दिवस सलाइनवर होता. मागच्या नाल्यावर धूर मारून जातात. आम्ही संध्याकाळी सातच्या आत खिडक्या लावतो. मग डास येतोय कुठून?

घणसोलीची आई:
आमच्याकडेही हेच. नाला बंदिस्त करा म्हणून सोसायटीने अर्ज दिलाय.

सर्वेक्षणवाली ताई:
मुलगा आता नीट जेवतो ना? थकवा काही दिवस राहील, शाळेची घाई करू नका.

घरोघर फिरून अळ्या शोधायचं काम मी एकोणीस वर्षं केलं. नाला साफ हवाच, पण डेंग्यू तिथून आलेला नाही. गटाराच्या पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा. डेंग्यूचा एडिस काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. तो दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. तुम्ही सातला खिडकी लावता तोवर चावून झालेलं असतं. उडतोही सहसा शे-दोनशे मीटरच. तिघं एकाच इमारतीतले, म्हणजे चावणारी एडिस मादी बहुधा तिथेच जन्मली.

तिला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. पिंप, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे. वागळे इस्टेटच्या एका घरात असा ट्रे ओढून बॅटरी मारली, तर बोटभर पाण्यात अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या. घरातलं बाळ तापाने फणफणलं होतं. ते घर मी विसरलेले नाही.

आणखी एक. रुग्णाला चावली की मादी लगेच रोग देत नाही. विषाणू तिच्या पोटातून लाळेत उतरायला साधारण 8 ते 12 दिवस जातात. पुढे मरेपर्यंत ती तो देत राहते. माणूस हलला की उठते, दुसऱ्याला चावते, म्हणून एकाच घरात पाठोपाठ माणसं पडतात. ताप असेल त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा.

ऐरोलीकर:
ताई, ट्रे कोरडा निघाला. पण बाल्कनीतल्या पिंपात अळ्या आहेत! दर रविवारी पाणी बदलतो हो आम्ही.

सर्वेक्षणवाली ताई:
बदलता, पण घासता का? अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या कडेला चिकटलेली असतात. काळी, खसखशीहून बारीक. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी टेकलं की फुटतात. तिथून आठ-दहा दिवसांत डास. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा. पिंप काथ्याने कडेपर्यंत खसाखसा घासा आणि उन्हात पालथं घाला.

तुमच्या मजल्यावर एखादा फ्लॅट बंद आहे का? किल्ली मागून घ्या आणि तिथलं कमोडमधलं पाणी आजच बघा.