अनरिस्पॉन्सिव्ह यो-योवर दोरीचे पहिले खेळ कसे शिकावेत?

प्रश्न : सांजसकाळ

नमस्कार. गेल्या महिन्यात मी ॲल्युमिनियमचा, रुंद फुलपाखरी घडणीचा यो-यो मागवला. लहानपणी लाकडी आणि प्लास्टिकचे यो-यो खेळलेले असल्यामुळे फेकणे आणि हिसका देऊन परत हातात घेणे एवढे मला येते, परंतु हा यो-यो हिसक्याला अजिबात दाद देत नाही. तो दोरीच्या टोकाशी शांतपणे गरगरत राहतो आणि शेवटी थांबतो, मग संपूर्ण दोरी हाताने गुंडाळावी लागते. हा दोष नसून त्याची घडणच तशी, म्हणजे अनरिस्पॉन्सिव्ह (हिसक्याने परत न येणारी) आहे, एवढे वाचनातून समजले.

माझी इच्छा दोरीवरचे खेळ, निदान ट्रॅपीझ (झोका देऊन यो-यो त्याच्याच दोरीवर बसवणे) तरी, नीट शिकण्याची आहे. मात्र झोका घेऊन आलेला यो-यो दोरीवर बसण्याऐवजी दर वेळी तिच्या अलीकडे किंवा पलीकडे पडतो, आणि क्वचित बसलाच तर लगेच तिरका होऊन फिरणे थांबवतो. गुंडाळताना दोरी दोन चकत्यांमधल्या फटीत घसरत राहते, तोही एक प्रश्न आहेच. आधी साधा रिस्पॉन्सिव्ह (हिसक्याने परत येणारा) यो-यो घेऊन पाया पक्का करावा, की याच यो-योवर शिकणे शक्य आहे? शक्य असल्यास कोणत्या क्रमाने शिकावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : चक्रनेमी

याच यो-योवर अवश्य शिका. दुसरा घेण्याची गरज नाही. तुम्हाला फेक येते, म्हणजे पायाचा मोठा भाग तयार आहे. फक्त क्रम थोडा बदला. ट्रॅपीझ काही दिवस बाजूला ठेवून आधी बाइंड, म्हणजे दोरीचा फास फटीत घालून यो-यो परत आणण्याची कृती, शिका, कारण यो-यो परत हातात आणता येत नसेल तर प्रत्येक फेकीनंतर दोरी गुंडाळण्यातच वेळ जातो आणि सरावाला लय म्हणून येत नाही.

दोरी घसरण्याचा प्रश्न आधी सोडवू. गुंडाळताना एक बोट फटीवर आडवे धरा आणि पहिला वेढा त्या बोटावरून घ्या, पुढचे दोन-तीन वेढे बोटाखालून नेहमीसारखे घ्या, आणि मग बोट काढून उरलेली दोरी गुंडाळा. बोटावरून घेतलेल्या वेढ्यामुळे दोरी जागच्या जागी अडते आणि बेअरिंगवर (मधल्या आसावरच्या फिरत्या कड्यावर) नुसती फिरत नाही. भोवऱ्याला जाळी गुंडाळताना पहिले वेढे घट्ट बसावे लागतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

आता बाइंड. मी उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी लिहितो आहे. समोर सरळ, जोरकस स्लीपर (यो-यो दोरीच्या टोकाशी फिरत राहील अशी फेक) फेका. डाव्या हाताची तर्जनी दोरीच्या मागे, म्हणजे दोरी आणि तुमचे अंग यांच्या मधल्या जागेत, साधारण निम्म्या उंचीवर आडवी लावा. उजवा हात तर्जनीवरून अंगाच्या बाजूने खाली आणा आणि यो-योच्या खालून पुढे न्या, म्हणजे दोरी खालच्या बाजूने फटीत जाऊन बसेल आणि यो-यो तिच्यावर टेकून फिरत राहील. आता उजवा हात पुढच्या बाजूने वर ओढत जा. दोरी बेअरिंगवरून सरकते, डाव्या बोटाभोवतीचा फास लहान होत जातो आणि तर्जनी यो-योच्या जवळ येते. ती दोन-तीन बोटांच्या अंतरावर आली की फास सोडून द्या आणि त्याच क्षणी उजव्या हाताने हलकी ओढ द्या. यो-यो फास आत खेचून घेईल आणि दोरी गुंडाळत हाताकडे येईल.

फास फार लहान ठेवला तर पकड बसत नाही आणि यो-यो अर्ध्या वाटेवर घसरतो. फार मोठा ठेवला तर दोरीची सैल गाठोडी आत अडकते आणि पुढची फेक त्या गुंत्यातच संपते. योग्य लांबी सरावानेच बोटाला कळते. दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. याच कृतीत उजवा हात उलट बाजूने नेला तर चक्राची गती फास आत ओढण्याऐवजी बाहेर टाकते आणि आपली चूक काय, हे नवख्या माणसाला उमगत नाही. म्हणून पहिल्या दिवशी यो-यो न फिरवता, नुसता लटकता ठेवून, ही संपूर्ण वाट सावकाश हाताने करून पाहावी.

ट्रॅपीझबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. बहुतेक लोक बोटाचा नेम चुकतो असे समजून बोट इकडेतिकडे हलवत बसतात. प्रत्यक्षात अडचण फेकीतच असते. ट्रॅपीझसाठी ब्रेकअवे फेक लागते : हात बाजूला, कोपर वाकवलेले, दंड फुगवून दाखवताना असतो तसा, आणि तिथून यो-यो छातीला समांतर अशा पातळीत उजवीकडून डावीकडे झोका घेतो. तो झोका जरासा पुढे किंवा मागे वळला तरी यो-यो दोरीच्या पलीकडे वा अलीकडेच पडणार; तुमच्या वर्णनावरून तेच होते आहे असे दिसते. काही काळ दोरीवर बसवण्याचा विचार सोडून नुसती ब्रेकअवे फेक करा आणि यो-यो डाव्या टोकाला पोहोचतो तेव्हा तो छातीच्या समोरच्या पातळीत आहे का, एवढेच पाहा. फेक सरळ झाली की डावी तर्जनी समोरच्या दिशेला रोखून ती यो-योच्या बऱ्यापैकी जवळ दोरीला लावा. अंतर कमी असेल तर वळसा लहान होतो आणि यो-योला भरकटायला जागा उरत नाही.

यो-यो दोरीवर बसल्यावर तिरका होतो, याचे कारण दोरी फटीच्या मधोमध न राहता एका भिंतीला घासते. घर्षण एकाच बाजूला झाले की फिरणारे चक्र हळूहळू वळू लागते. अशा वेळी हात वाकडे करून यो-यो सावरू नका. तो ज्या दिशेला वळला आहे त्या दिशेला स्वतःचे पूर्ण अंग वळवा, म्हणजे दोन्ही हातांतली दोरी पुन्हा त्याच्या पातळीत येईल. अनुभवी खेळाडू खेळता खेळता पावले फिरवताना दिसतात, त्याचे कारण हेच आहे.

ट्रॅपीझ जमू लागले की त्यातूनच बाइंडही करता येतो. त्यानंतर ट्रॅपीझ अँड हिज ब्रदर, स्प्लिट बॉटम माउंट, ब्रेन ट्विस्टर आणि बॅरल रोल असा क्रम मला योग्य वाटतो. ईलाय हॉप्सचा मोह लवकर होतो, परंतु यो-यो दोरीवरून उडवून पुन्हा दोरीवर झेलण्यासाठी दोन्ही हात एका रेषेत राहावे लागतात आणि ती सवय आधीचे खेळच लावतात.

उत्तर : रविकिरण_कॅलिफोर्निया

चक्रनेमी यांच्या मांडणीशी मी सहमत आहे. हिसक्याला यो-यो दाद का देत नाही, याचे कारण थोडे उलगडून सांगावेसे वाटते, कारण ते समजले की बाइंडची कृती पाठ करावी लागत नाही.

फिलिपिन्समधून अमेरिकेत आलेल्या पेड्रो फ्लोरेस यांनी 1928 साली कॅलिफोर्नियात ज्या यो-योंचे उत्पादन सुरू केले, त्यांत दोरी लाकडी आसाला गाठीने बांधलेली नसून आसाभोवती नुसती वळसा घालून अडकवलेली होती. त्यामुळेच यो-यो टोकाशी फिरत राहू शकला. तरीही आस आणि दोरी यांच्यात घर्षण भरपूर असल्यामुळे हिसका दिला की दोरी आसाला पकडत असे आणि यो-यो वर येत असे. पुढे बेअरिंग आले. टॉम कून यांचा 1990 चा एसबी-2 हा ॲल्युमिनियमचा यो-यो त्या टप्प्यावरचा महत्त्वाचा मानला जातो. बेअरिंगमुळे फिरण्याचा वेळ खूप वाढला, आणि त्यानंतर फट रुंद केल्यावर दोरी दोन्ही भिंतींपासून दूर राहू लागली, म्हणून हिसक्याने पकडायला तिला काही उरलेच नाही.

आजच्या बहुतेक यो-योंत ‘सी’ मापाचे बेअरिंग असते. त्याची रुंदी 4.76 मि.मी. असते. त्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनची पातळ कडी बसवलेली असतात. एकेरी दोरी त्या कड्यांना जेमतेम स्पर्श करते, परंतु फास आत गेला की दोरीचे पदर एकावर एक येऊन फट भरते, ते पदर सिलिकॉनवर दाबले जातात आणि यो-यो दोरी धरतो. बाइंड म्हणजे एवढेच : जी पकड यो-योने स्वतःहून द्यायची ती आपण दोरी दुमडून त्याला देतो.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. बाइंड वारंवार घसरत असेल आणि फासाची लांबी बरोबर असेल, तर ती कडी झिजली आहेत का हे पाहावे. उलट यो-यो मधूनच न सांगता वर येत असेल, तर बेअरिंगमध्ये वंगण जास्त आहे किंवा धूळ गेली आहे असे समजावे. नव्या यो-योत घट्ट वंगण असणे नवलाचे नाही आणि ते काही दिवसांच्या खेळाने कमी होते. काही यो-योंबरोबर अरुंद बेअरिंगही मिळते. ते बसवले की तोच यो-यो हिसक्याला प्रतिसाद देतो. घरातल्या लहान मुलांना शिकवायचे असेल तर ती सोय चांगली आहे.

प्रश्न : अश्विनी_ता

उत्तम माहिती मिळते आहे, धन्यवाद. माझी बारा वर्षांची मुलगी डावखुरी आहे. तिने वरील सर्व कृती आरशातल्याप्रमाणे उलट करायच्या, एवढेच पुरेसे आहे का? तिची दोरी थोड्या वेळाने सैल आणि भुसभुशीत दिसू लागते आणि एकदा यो-यो दोरीतून जवळजवळ निसटला होता.

उत्तर : पीळदार

अश्विनीताई, कृती आरशातल्याप्रमाणेच करायच्या आहेत, परंतु दोरी आरशातली नसते आणि अडचण तिथेच आहे. यो-योची दोरी पीळ दिलेल्या धाग्याची असते आणि प्रत्येक फेक व प्रत्येक बाइंड त्या पिळात थोडी भर घालतो किंवा तो थोडा उकलतो. बाजारातल्या दोऱ्यांचा पीळ एकाच दिशेचा असतो. म्हणून एकाच खेळामुळे उजव्या हाताच्या खेळाडूची दोरी आवळत असेल, तर डावखुऱ्याची उकलते. मुलीची दोरी सैल होणे स्वाभाविक आहे आणि तिच्या फेकीत काहीही खोट नाही. मात्र पीळ पूर्ण उकलला तर बेअरिंगभोवतीचा वळसा उघडा पडतो आणि यो-यो खरोखर सुटू शकतो. धातूचा यो-यो साठ-पासष्ट ग्रॅमचा असतो, त्यामुळे ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी.

उपाय सोपा आहे. अधूनमधून बोटातला फास काढून यो-यो हातात धरावा आणि दोरी मोकळी खाली सोडावी; जादा किंवा उलटा पीळ असेल तर ती आपोआप फिरून स्थिरावते. त्यानंतरही दोरी चपटी, दोन पदर वेगवेगळे दिसणारी राहिली तर बोटांनी मूळ दिशेने पीळ भरावा. तंतू निघालेली किंवा मळकी झालेली दोरी सरळ बदलावी. अनरिस्पॉन्सिव्ह यो-योला पॉलिएस्टरची दोरी घ्यावी.

लांबीही पाहून घ्या. यो-यो जमिनीवर ठेवून दोरी सरळ वर धरली की ती मुलीच्या बेंबीपर्यंत यावी, आणि बोटाच्या फासासाठी तिथून थोडी जास्त ठेवून कापावी. मोठ्यांच्या मापाची दोरी तशीच वापरली तर ट्रॅपीझमध्ये हात फार फाकवावे लागतात आणि मुले दमतात. फास मधल्या बोटावर पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मध्ये असावा. बोट निळसर पडू लागले तर लगेच सैल करावा.

सांजसकाळ : सर्वांचे मनापासून आभार. बोटावरून पहिला वेढा घेतल्यावर दोरी घसरणे पूर्ण थांबले. आज संध्याकाळपासून ट्रॅपीझ बाजूला ठेवून बाइंड आणि नुसती ब्रेकअवे फेक यांचाच सराव करणार आहे. घरात फरशी असल्यामुळे एक शेवटची विचारणा : यो-यो आपटून कडेला खरवड पडली तर ती घासावी का?

चक्रनेमी : धार लागत असेल तर अवश्य, कारण ती दोरी कापते आणि बोटालाही लागते. बारीक पॉलिश पेपरने फक्त उंचवटा घालवा, जास्त घासू नका, नाहीतर समतोल बिघडून यो-यो थरथरू लागेल. सरावाच्या जागी जाड सतरंजी अंथरा आणि दिवा, पंखा व टीव्ही यांच्यापासून दोन पावले दूर उभे राहा.