वीस वर्षांखालील जागतिक आइस हॉकी : दहा संघ हवेत की आठच?

निळीरेघ : दरवर्षी २६ डिसेंबरच्या सुमारास ही स्पर्धा सुरू होते आणि पहिले काही दिवस मला बघवत नाहीत. २०२० मध्ये एडमंटनला कॅनडाने जर्मनीला १६-२ असं धुतलं. २०२२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाला ११-०. सात-आठ गोल खाल्लेला गोली (गोलरक्षक) खाली मान घालून बाकाकडे जातो आणि त्याच्याच वयाचा दुसरा पोरगा थंड अंगाने गोलात येऊन उभा राहतो, ते बघून पोटात तुटतं. १९९५ पर्यंत वरच्या गटात आठच संघ होते, १९९६ पासून दहा झाले. पुन्हा आठ करा. दुबळ्या संघांना खालच्या गटात तोडीस तोड सामने मिळतील, पोरं जिंकायला शिकतील.

गोलजाळी : १६-२ हा आकडा तुम्ही अर्धाच सांगितलात. कोविडमुळे जर्मनीचे बरेच खेळाडू विलगीकरणात होते. गोली सोडून चौदाच जण उतरले. या खेळात एक फळी (एका वेळी बर्फावर उतरणारे खेळाडू) जेमतेम पाऊण मिनिट जीव तोडून खेळते आणि बाकावर येऊन दम घेते. माणसंच कमी असतील तर दम घ्यायचा कधी? हाच संघ पुढे उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि रशियाकडून फक्त २-१ ने हरला. त्याला तुम्ही खालच्या गटात ढकलणार होतात?

निळीरेघ : जर्मनीबद्दल माझं चुकलं, मान्य. पण ऑस्ट्रियाचं काय? कोविडमुळे मध्येच गुंडाळलेल्या आदल्या स्पर्धेतही कॅनडाकडून ११-२. बारा महिन्यांत काय शिकले?

पकमागे : शिकायला बारा महिने पुरतात का, ते लाटव्हियाला विचारा. २७ डिसेंबर २०२३, गोथेनबर्ग : कॅनडा १०, लाटव्हिया ०. २७ डिसेंबर २०२४, ओटावा : लाटव्हिया ३-२ ने विजयी, तेही शूटआउटमध्ये (बरोबरी सोडवायला एकेक खेळाडू एकट्या गोलीवर चाल करतो), कॅनडाच्याच प्रेक्षकांसमोर! त्यांच्या गोलीने, लिनार्ड्स फेल्डबर्ग्सने, ५५ फटके अडवले. शूटआउटच्या आठव्या फेरीत त्यांच्या मातेइकोने पक (खेळायची चकती) जाळ्यात घातला आणि लाटव्हियाची सगळी पोरं बाकावरून उड्या टाकत बर्फावर धावली. या स्पर्धेत त्यांनी कॅनडाला हरवल्याची ती पहिलीच वेळ. आठ संघांच्या स्पर्धेत ही रात्र उगवलीच नसती.

तिसरीफळी : एका गोलीच्या एका रात्रीवर स्पर्धेची रचना ठरवायची नसते. माझी काळजी अंगाची आहे. मोजक्याच रिंक (बर्फाची मैदानं) असलेल्या देशाला एकोणीस वर्षांचे पुरेसे खेळाडू मिळत नाहीत, मग सतरा वर्षांचे उतरवावे लागतात. कठड्यावर त्यांना कोण आदळतं? दोन वर्षांनी मोठा, ताकदीने दुप्पट माणूस.

पकमागे : ऑस्ट्रिया ११-० ने हरला त्याच, २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या स्पर्धेत कॅनडाचा कॉनर बेडार्ड सतराच वर्षांचा होता. सात सामन्यांत २३ गुण (स्वतःचे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) केले त्याने.

तिसरीफळी : बेडार्ड अपवाद आहे, आणि त्याच्या आजूबाजूला कॅनडाचा अख्खा संघ होता. लहान देशाच्या बचावपटूला तसा आधार मिळत नाही, तो एकटा पडतो.

गोलजाळी : म्हणून तर खाली जाण्याची वाट आहे! ऑस्ट्रिया २०२३ मध्ये खाली गेलाच. ज्याला झेपत नाही तो बर्फावर हरून उतरतो. आठ संघ केलेत तर त्याला हरायचीही संधी मिळणार नाही.

निळीरेघ : लाटव्हियाचा दाखला मला पटतोय. पण त्या ११-० च्या सामन्यातला ऑस्ट्रियाचा गोली डोळ्यांसमोरून हलत नाही. दहाच ठेवायचे असतील, तर वर चढणाऱ्या संघाला मोठ्या संघांशी वर्षभर सराव सामने तरी मिळवून द्या.