एप्रिल लागला की एन्झाइमच्या दाण्यांना धूळ सुटते (बुटीबोरी)

बुटीबोरी_बी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. प्रोटिएजचं (प्रथिनांचे डाग तोडणारं एन्झाइम) द्रव कॉन्सन्ट्रेट बाहेरून घेतो, त्याचे दाणे करून डिटर्जंट पावडरवाल्यांना देतो. सोडियम सल्फेट, थोडं केओलिन (पांढरी माती), डेक्स्ट्रिनचं (स्टार्चपासूनचा चिकट पदार्थ) बाइंडर. आरएमजीत (वेगाने मळून दाणे पाडणारं मिक्सर) ओलं करतो, एफबीडीत (गरम हवेवर दाणे तरंगवणारं ड्रायर) वाळवतो, वर पीईजी ४००० (मेणासारखं पॉलिएथिलिन ग्लायकॉल) आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा कोट. दोन्ही मशिनी फार्मावाल्यांच्या, जुन्या बाजारातल्या.

पावसाळ्यात माल ठीक जातो. दिवाळीनंतर कुरकुर सुरू होते आणि एप्रिल-मेमध्ये ग्राहक फोनवर फोन करतो, पोतं उघडलं की धूळ उडते म्हणून. फॉर्म्युला तोच, इनलेट (आत जाणारी गरम हवा) ६० अंश तेच, वाळवायचा वेळही तोच. मालक म्हणतात कोट जाड करा. पण पीईजीचा खर्च वाढतो आणि जाड कोटाचा दाणा पाण्यात उशिरा सुटतो. दुसरं काही सुचतं का?

आणखी एक. एफबीडीच्या फिल्टर पिशव्या झटकणाऱ्या पोराला खोकला धरलाय. सुट्टीच्या दिवशी बरा असतो. उन्हामुळे असेल का?

सोनेगाव७७

डेक्स्ट्रिन वाढवून बघा, दाणा कडक होईल.

बेसा_काका

कडक दाणा आणि चिवट दाणा यात फरक आहे भाऊ. कडक दाणा धक्का लागला की फुटतो. डेक्स्ट्रिनला सध्या हात लावू नका, कोटालाही नका. आधी धूळ कशाची आहे ते बघा.

धूळ मोजायचं हॉयबाखचं मशीन घ्या असं मी सांगणार नाही. त्यात फिरत्या पात्यांखाली स्टीलच्या गोळ्या दाणे रगडतात आणि हवेबरोबर उडालेली धूळ फिल्टरवर पकडली जाते. छोट्या युनिटला ते परवडत नाही. पण काचेच्या उभ्या नळीत दाणे टाकून खालून हवा सोडायची आणि वरच्या तोंडाला काचतंतूचा फिल्टर लावायचा, एवढं तुमचा फिटर करून देईल. हे सगळं फ्यूम हूडमध्येच (हवा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात) करा. आणि फिल्टरचं नुसतं वजन करून थांबू नका. त्यावरची धूळ बफरमध्ये उतरवून प्रोटिएज ॲक्टिव्हिटी (त्यात काम करणारं एन्झाइम किती ते) काढा. धूळ भरपूर पण ॲक्टिव्हिटी नावाला, म्हणजे कोटाचे टवके निघताहेत. ॲक्टिव्हिटी दाण्याच्या तोडीची आली तर गाभाच झिजतोय, मग मालक म्हणतात तसा कोट कितीही चढवा, पैसे जातील. नुसत्या डोळ्यांनाही अंदाज येतो, कोटाची धूळ पांढरी आणि गाभ्याची भुरकट.

तुमच्या वर्णनावरून मला गाभ्याचा संशय आहे. ‘इनलेट तेच, वेळ तोच’ हे तुम्ही चांगली गोष्ट म्हणून लिहिलंय, पण नागपुरात तिथंच घोळ होतो. मेमधली ४४ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची हवा ६० पर्यंत तापवली की आर्द्रता ७ टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलैची ३० अंश, ८० टक्क्यांची हवा तेवढीच तापवली तर ती १७ टक्क्यांवर राहते. म्हणजे तोच वेळ लावून मेमधला माल तुम्ही वाजवीपेक्षा जास्त वाळवता, आणि वाळल्यावरही एफबीडीत दाणे एकमेकांवर आपटत राहतात. शेवटची दहा-पंधरा मिनिटं तुमचं ड्रायर चक्कीचं काम करतं. हिवाळ्याची हवाही कोरडीच असते, म्हणून कुरकुर दिवाळीनंतर सुरू होते. उन्हाळ्यात भर पडते ती आरएमजीची. पत्र्याच्या शेडमध्ये मळता मळताच बाइंडरचं पाणी उडतं, मोजून टाकलेलं द्रव अपुरं पडतं आणि काही पावडर बांधलीच जात नाही.

तर घड्याळावर वाळवणं बंद करा. मालाचं तापमान चढू लागलं की नमुना काढा, ओलावा बघा, ठरलेल्या आकड्याला थांबा. जमलं तर एफबीडीच्या हवेच्या तोंडाशी एअर वॉशर (हवेत पाणी फवारणारं यंत्र) बसवा. पाण्याने हवा थंड करणं आपल्याइतकं स्वस्त कुणाला पडतं? मेमध्ये बाराही तास मिळणारी ही सोय आहे आणि हवेतला ओलावा जुलैच्या जवळ नेता येतो. मात्र घरचा डेझर्ट कूलर आणून चार्जिंगच्या (मशीनमध्ये माल भरायच्या) जागी उभा करू नका. असं केलेलं मी पाहिलंय. धूळ सगळ्या हॉलभर.

मिश्रणात सेल्युलोजचे तंतू टाकून बघा. आपल्याकडे मातीच्या भिंतीत कुटार घालतात त्याच कारणासाठी. नोव्हो या डॅनिश एन्झाइम कंपनीचं यावरचं पेटंट १९७८ चं आहे. फार्माच्या चॉपरमधून निघालेला दाणा कोनाकोनाचा असतो आणि आधी कोपरेच तुटतात, म्हणून कोटाआधी चाळा. खाली पडलेली भुकटी पुढच्या बॅचला ओल्या टप्प्यावर द्या, कोरडी मिसळू नका.

कामगार_आरोग्य_नागपूर

खोकल्याबद्दल लिहिते, कारण वर कुणी लिहिलं नाही. कामावर त्रास आणि सुट्टीत आराम ही व्यावसायिक दम्याची खूण असू शकते. प्रोटिएज श्वासात गेलं की शरीर त्याविरुद्ध आयजीई (ॲलर्जीची) प्रतिद्रव्यं तयार करू शकतं, आणि एकदा ती ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या धुळीनेही धाप लागते. १९६९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात फ्लिंड्ट आणि पेपिस या डॉक्टरांनी ब्रिटनच्या डिटर्जंट कामगारांबद्दल हेच मांडलं. तेव्हा एन्झाइम भुकटीच्या रूपात वापरत, दाणे करण्याची घाई त्यानंतरची.

सबटिलिसिनसाठी (डिटर्जंटमधल्या प्रोटिएजचा गट) एसीजीआयएच या अमेरिकन औद्योगिक आरोग्य संस्थेची मर्यादा घनमीटर हवेत ६० नॅनोग्रॅम आहे, तीही क्षणभरसुद्धा ओलांडायची नाही अशी. एक ग्रॅम शुद्ध एन्झाइम दीड कोटी घनमीटरहून जास्त हवा त्या मर्यादेला नेऊ शकतं. डोळ्याला धूळ दिसली म्हणजे मर्यादा केव्हाच मागे पडली.

त्या मुलाला पिशव्यांच्या कामावरून आजच हलवा, पगार न कापता. छातीच्या डॉक्टरांकडे न्या, स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची तपासणी) आणि त्या एन्झाइमची ॲलर्जी तपासणी करायला सांगा. कोणतं एन्झाइम हाताळतो ते चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर ‘धुळीची ॲलर्जी’ म्हणून गोळ्या मिळतील. पिशव्या झटकू नका, ओल्या करून उतरवा. झाडू आणि कॉम्प्रेस्ड एअर बंद, हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम वापरा. तोंडाला बांधलेला दुपट्टा उन्हासाठी ठीक आहे, इथे एफएफपी३ (बारीक धूळ अडवणारा) मास्क नीट बसवून हवा. बाकीच्यांचीही तपासणी करा.

बुटीबोरी_बी_शिफ्ट

मुलाला पॅकिंगच्या बाहेर, गेटच्या नोंदीवर बसवलंय, उद्या डॉक्टरकडे नेतोय. नळी लावून बघितली. फिल्टर भुरकट. ॲक्टिव्हिटी दाण्याच्या निम्म्याहून वर. काका, आता ओलाव्यावर थांबतो. पण मालकांना पीईजी ६००० हवंय, गोदामात मेमध्ये पोती चिकटतात म्हणून.

बेसा_काका

निम्म्याहून वर म्हणजे गाभाच. दोन बॅच लवकर थांबवून पुन्हा नळी लावा.

पीईजीचं मालकांचं बरोबर आहे. ४००० साधारण ५५ च्या आसपास वितळतं, ६००० आणखी थोडं वर. पत्र्याखालच्या पोत्याला तेवढा फरकही कामाचा असतो. पण कोट घातल्यावर माल किती अंशांवर पोत्यात भरता? हॉलच ४२ ला असेल तर पीईजी नीट घट्ट व्हायच्या आत थप्पी लागते. ३५ च्या खाली येईपर्यंत फिरवा. त्याखाली जास्त वेळ नको, पुन्हा घासाघाशी. आणि पावसाळ्यात चिकटलं तर पीईजीला दोष देऊ नका. सोडियम सल्फेट ३२.४ अंशांखाली ओलावा धरून दहा पाण्याचं स्फटिक होतं. तेव्हा पोत्याचं आतलं लायनर तपासा.

६००० आणायच्या आधी एक सांगा, वितळवण्याच्या टाकीपासून नोझलपर्यंतच्या लाइनला हीट ट्रेसिंग (पाइप गरम ठेवणारी तार) आहे का?