भांडण मोबाईलवर, भेट धुऱ्यावर : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, परवा रात्री साडेअकरापर्यंत मी फेसबुकवर एका अनोळखी माणसाशी संत्र्याच्या गळीवरून भांडत बसले होते. आमचा आंबिया बहार गळत होता. त्याचं म्हणणं, गळ होते ती फक्त पाणी कमी पडल्यानं. मी लिहिलं, बुरशीनं होते, रस शोषणाऱ्या पतंगानंही होते. नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेचं पत्रक टाकलं, आमच्या बागेतले फोटो टाकले. त्यानं उत्तर म्हणून हसरा चेहरा टाकला. एकच. मी उठून पाणी प्यायले अन् परत लिहायला बसले. तेवढ्यात नवरा म्हणाला, "अवं, तो हाय कोठचा?" पाहिलं तर नाशिककडचा द्राक्षवाला. त्याच्याकडे संत्र्याचं एक झाड नाही.

तुमच्याकडचं सांगा. कोणाचं नाव-गाव नको. कोण जिंकलं तेही नको. पुढं काय झालं ते लिहा.

पऱ्हाटीवाला, यवतमाळ जिल्हा

२०१७ चं सांगतो. बोंडअळीचं वर्ष. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी अन् हातात कवडी. डिसेंबरात मी आमच्या कास्तकारांच्या ग्रुपवर लिहिलं की आता पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उपटा, फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी झाल्यावर आणखी बोंडांसाठी तीच उभी ठेवू नका. उभ्या पऱ्हाटीवर अळीला खायला मिळत राहते, तिचं चक्र तुटत नाही, पुढच्या हंगामात ती परत आपल्याच बोडख्यावर. ज्याचं वावर माझ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून आहे त्याचं लगेच उत्तर : "आपलं बियाणं बीजी-टू हाय भाऊ, त्याले अळी लागतच नाई. तुमच्या फवारणीत खोट असंल."

आता त्याच्याही वावरात अळी होती. मी धुऱ्यावरून पाहिली होती. त्या बियाण्याला अळी जुमानत नाही हे तोवर गावात पोट्ट्यापाट्ट्यांनाही माहीत झालं होतं. पण मी ते चारचौघांत लिहिलं, अन् तिथंच चुकलं.

ते सगळं परवा परत वाचून पाहिलं. साडेआठला तो मला "तुम्ही" लिहितो अन् मी त्याला "हो जी, नाही जी" करतो. साडेनऊला जी गेलं. दहाला तुम्ही गेलं. पावणेअकराला त्यानं माझ्या वडिलांचं सोसायटीचं कर्ज काढलं अन् मी त्याच्या भावकीच्या वाटणीचं. पऱ्हाटी राहिली बाजूलाच. सव्वाशे जण वाचत होते, एकानंही मधात तोंड घातलं नाही.

सकाळी बाया वेचायला आल्या. आज माझ्याकडे, उद्या त्याच्याकडे, बाया त्याच. त्यांच्यातल्या एकीजवळही तसला मोबाईल नव्हता, तरी सगळ्यांना सगळं माहीत. एक म्हातारी म्हणे, "काऊन बावा, दोघंबी झोपले नाई का रातच्यानं?" धुऱ्यावर तो उभा, इकडं मी उभा, मधात हातभर गवत. बराच वेळ गेला. मग त्यानं चुना मागितला. दिला.

त्या साली त्यानं फरदड ठेवलीच. पुढच्या साली मात्र डिसेंबर निघता निघता त्याचं वावर मोकळं दिसलं. विचारलं तर म्हणे, "मजूर भेटत नाई, म्हणून काढली." मी म्हटलं, "बरं केलं." अळीचं नाव मी काढलं नाही. काढलं असतं तर तिसऱ्या साली त्यानं हट्टानं ठेवली असती, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो.

तिफण

चुना मागितला म्हणजे समेट. आमच्या अकोल्याकडे कोर्टातही चालते हे.

एक ॲडमिन, गोंदिया जिल्हा

मी एकाच ग्रुपचा ॲडमिन आहे, आमच्या गावच्या. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की रोज दोघं-तिघं फोन करतात, याला काढ, नाहीतर ॲडमिनवर केस होते. आता २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आमच्याच जिल्ह्यातल्या प्रकरणात सांगितलं की सदस्यानं काही वाईट लिहिलं अन् त्यात ॲडमिनचा आधीपासून बेत नसेल, तर त्याला गुन्हेगार धरता येत नाही. त्याच्या हातात माणूस घेणं अन् काढणं, एवढंच असते. मी खुशीत ती बातमी ग्रुपवर टाकली. पहिलं उत्तर : "फेक आहे." दुसरं : "असं काही टाकू नका जी, ॲडमिनवर केस होते."

तेव्हापासून निवडणूक लागली की "फक्त ॲडमिन" ची कळ दाबतो अन् बांधीत धान पाहायला निघून जातो.

निवृत्त बाई, वर्धा जिल्हा

हसण्यासारखं वाचून झालं, आता माझं जरा वेगळं. २०१८ चा जून. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असा व्हिडिओ आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला. मी लिहिलं, यात गाव नाही, तारीख नाही, हे पुढं पाठवू नका. मीच शिकवलेल्या एका मुलानं उत्तर दिलं, "बाई, तुमच्या नातवाले उचललं की समजंल." त्यावर अकरा अंगठे आले. मी मोजले होते. कोणाकोणाचे आहेत तेही पाहिलं. त्यातल्या चौघांना मी पहिलीत हात धरून अ गिरवायला लावला होता.

१ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. कारण हीच अफवा.

बातमी आली त्या दिवशी ग्रुपवर कोणी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलानं गुलाबाचं फूल अन् शुभ सकाळ टाकलं. मीही काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, अजून ठरत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं जाहीर केलं. यंत्रानं ऐकलं म्हणायचं.

दिवाळीत त्याच बॅचची एक मुलगी भेटली. ग्रुपवर ती कधी अक्षर लिहीत नाही. म्हणाली, "बाई, तुमचं वाचून मी तो व्हिडिओ माहेरच्या ग्रुपवर टाकला नव्हता."

पुण्यात राहणारा

माझं भांडण ठरलेलं, वेगळा विदर्भ. १९५३ चा नागपूर करार, १९५५ ला राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची केलेली शिफारस, हे सगळं एका नोटमध्ये लिहूनच ठेवलंय. कोणी डिवचलं की चिकटवतो. समोरचा त्याचं ठेवलेलं चिकटवतो. दोघांनाही वाचायची गरज पडत नाही. एकदा गावी फोन लागला तेव्हा आबाला कौतुकानं सांगितलं. आबा म्हणाले, "तू तिकडं कोणासंगं भांडून रायला बे? इकडं दोन दिवसापासून लाईन नाई, मोबाईल चार्ज कराले तालुक्याले जा लागते."

बुलडाण्याची

आमच्या बाबांना टाइप करता येत नाही. ते व्हॉइस पाठवतात, चारचार मिनिटांचे. मुद्दा काय तो शेवटपर्यंत येत नाही, पण मागं बैलांच्या घुंगराचा आवाज येतो अन् आई "जेवाले चाला" म्हणून ओरडते. त्या माणसाशी कोणी कसं भांडेल?

तिफण

अन् ग्रुपात जावई असला तर गप्प बसावं. एवढंच सांगतो, जास्त विचारू नका.

लेफ्ट झालेला, अमरावती जिल्हा

पांदण रस्त्यावरून गावच्या ग्रुपवर वाजलं. कोणाचं वावर किती सरकलं, हा विषय. मी रागानं ग्रुप सोडला. वाटलं, संपलं. पाच मिनिटांत घरी मोठ्या आईचा फोन : "पोरगं ग्रुपातून गेलं म्हणे? काय झालं बाप्पा?" गावात हे पंगतीतून ताटावरून उठून जाण्यासारखंच धरतात. दोन दिवस पानठेल्यावर मी गेलो की माणसं पावसाचं बोलायची.

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे होते. माझी जोडी अन् ज्याच्याशी भांडलो त्याची जोडी, शेजारी शेजारी. त्याच्या बैलानं माझ्या बैलाच्या झुलीला तोंड लावलं अन् गोंडा चावून टाकला. तो काही बोलला नाही, मीही नाही. संध्याकाळी मोबाईल वाजला. त्यानं मला परत ग्रुपात घेतलं होतं. खाली त्याचाच मेसेज : "या जी. गोंड्याचे किती झाले सांगा."

पांदण तशीच आहे. मी चाळीस रुपये सांगितले.