मदत हवी आहे: मेडेयीनमध्ये आधी स्टेडियम की आधी वस्ती?

नमस्कार मंडळी,

नगररचनेच्या शेवटच्या सत्राला आहे. प्रबंधासाठी कोलंबियातलं मेडेयीन घेतलंय (आपल्याकडे मेडेलिन म्हणतात ते) आणि एका जागी गाडं रुतलंय.

आबुर्राचं खोरं उत्तर-दक्षिण पसरलेलं, मधून नदी, दोन्हीकडे डोंगर. जुनं शहर नदीच्या पूर्वेला. पश्चिमेला ओत्राबांदा, म्हणजे 'पलीकडचा काठ'. १९४० च्या दशकात नदीचं पात्र सरळ करून काठ बांधायचं काम चालू होतं. त्याच सुमारास चित्रकार आणि अभियंता पेद्रो नेल गोमेस यांनी तिथे लाउरेलेस या वसाहतीची आखणी केली, गोलाकार रस्त्यांची. १९५३ मध्ये शेजारीच आतानासियो खिरार्दोत स्टेडियम उघडलं. इंदिपेंदिएंते मेडेयीन (१९१३) आणि आत्लेतिको नासिओनाल (१९४७) हे हाडवैरी फुटबॉल क्लब आजही तिथेच खेळतात.

मी लिहिलं, 'स्टेडियमने शहर नदीपलीकडे ओढलं.' मार्गदर्शकांनी लाल शाईने विचारलं, 'कशावरून?' उत्तर नाही माझ्याकडे. लाउरेलेस कागदावर आधी उतरलं होतं!

दुसरा गुंता डोंगरउतारांचा. गावाकडचा रक्तपात आणि कापडगिरण्यांतली कामं, यामुळे लोंढे आले. १९५१ ची साडेतीन लाखांची वस्ती १९६४ मध्ये पावणेआठ लाखांच्या घरात गेली. घरं उतारावर कशीही चढवता येतात हो, पण फुटबॉलच्या मैदानाला सपाट जागाच लागते. मग चढावरच्या दाट वस्तीत मातीची मैदानं मोकळी राहिली कशी? तिथे घरं का नाही झाली? नासिओनालचा गोलरक्षक रेने इगीता कास्तिया या वस्तीतला, तेही उत्तरेकडचं कष्टकऱ्यांचंच. माझ्या मते खरा प्रबंध इथे आहे, पण हाताशी आहेत ते सगळे कागद स्टेडियमचे.

कोणी तिकडे राहिलंय का? जुने नकाशे, फोटो कुठे मिळतील? स्पॅनिश वाचता येतं, शब्दकोश उशाशी घेऊन. पर्यटनाचे व्हिडिओ आणि पाब्लो एस्कोबारच्या मालिका कृपया सुचवू नका.

प्रतिसाद १

ट्रॅमला विसरलात. १९२१ पासून धावत होती आणि तिचा एक फाटा नदी ओलांडून ला आमेरिका नावाच्या वस्तीला जायचा. म्हणजे पलीकडे लोक होतेच. 'ओढलं' खोडा, 'पक्कं केलं' लिहा. फोटोंसाठी मेडेयीनचंच पिलोतो सार्वजनिक ग्रंथालय. जुन्या छायाचित्रांचा खजिना आहे. मैदानांसाठी मात्र विमानातून घेतलेले फोटो हवेत. ते आगुस्तीन कोदासी भौगोलिक संस्थेकडे, बोगोटाला. एकाच उताराचे दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांचे मागवा.

अवांतर: १९८९ च्या लिबेर्तादोरेस चषकाच्या (दक्षिण अमेरिकी क्लबांची स्पर्धा) अंतिम फेरीतला घरचा सामना नासिओनालला बोगोटात खेळावा लागला. आतानासियोची आसनं कमी पडत होती.

धागालेखिका

ट्रॅम! नकाशावर ती रेघ मी रस्ता समजून बसले होते. धन्यवाद. बोगोटाला आजच पत्र टाकते. अधिकृत स्पॅनिशमध्ये मायना कसा लिहितात, तेवढं कोणी सांगेल का?