चोरस्विच कुठल्या वायरीत?

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून चावीला जाणारी वायर मध्ये तोडून तिथे चोरस्विच, म्हणजे लपवलेला स्विच, बसवा, असा सल्ला दिला जातो. जुन्या पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या) बुलेटला ते लागू पडतं, कारण तिचं इग्निशन बॅटरीवर चालतं. चेतकसारख्या मॅग्नेटोवाल्या, म्हणजे इंजिन फिरलं की बॅटरीशिवाय ठिणगीची वीज स्वतःच बनवणाऱ्या, स्कूटरला मात्र नेमकं उलटं होतं. तिथे चावी करंट देत नाही. ‘बंद’ केल्यावर ती स्टॉपची (इंजिन बंद करायची) वायर बॉडीला जोडते आणि ठिणगी बंद पाडते. म्हणजे ती वायर तोडली की चावीशिवायही गाडी एका किकमध्ये चालू! आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका मेकॅनिकने बाबांच्या चेतकला असाच स्विच बसवून दिला होता. संध्याकाळी घरी आल्यावर गाडी काही बंद होईना; शेवटी चौथ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला, तेव्हा एक गचका देऊन थांबली. चोराचं काम आम्हीच पैसे देऊन करून घेतलं होतं.

मग दुसऱ्याकडून नीट करून घेतलं. इंजिनाजवळच्या जंक्शन बॉक्सातून (वायरींच्या जोडांच्या डबीतून) स्टॉपच्या वायरीला एक जादा फाटा काढला, तो डिकीच्या मागे लपवलेल्या स्विचमधून बॉडीला जोडला. स्विच ‘चालू’ केला की ठिणगी बंद. चावीकडची वायर कुणी उपटली तरी किक मारून पाय दुखतील, एवढंच. पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय चांगलीच, पण कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी न्यायमंदिरापासून सूरसागर तलावाच्या पलीकडे सहज जाते. आणि हो, स्टेपनीला वेगळं कुलूप लावा. आमची गाडी शाबूत आहे, स्टेपनी दोनदा गेली.