अंतर्गत तक्रार समितीवरील विद्यार्थी सदस्याने तक्रार येण्यापूर्वी काय करावे?

रानजाई :
लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आमच्या विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून मी नुकतीच निवडून आले आहे. आतापर्यंतचे काम पाहता वर्षातून एकदा जनजागृतीपर व्याख्यान होते, सूचनाफलकावर सदस्यांची नावे लागतात आणि वार्षिक अहवालात तक्रारींच्या रकान्यात शून्य लिहिले जाते. प्रशासनाला हे शून्य भूषणावह वाटते. वसतिगृहात मात्र कोणाच्या खोलीत एकटीने जाऊ नये, हे नव्याने आलेल्या मुलींना पहिल्याच आठवड्यात कानात सांगितले जाते. जातीवरून किंवा बोलीवरून टोमणे ऐकणाऱ्यांचीही हीच गत आहे. त्यांना तर दाद कोठे मागायची हेही ठाऊक नसते. तक्रार आल्यानंतरची कार्यपद्धती मी वाचली आहे. परंतु असे प्रकार घडूच नयेत यासाठी समितीला, आणि विशेषतः माझ्यासारख्या विद्यार्थी सदस्याला, नेमके काय करता येते?

माजी पीठासीन अधिकारी :
अहवालातील शून्याचा अर्थ आपण योग्य लावला आहे. जेथे तक्रार करण्याची किंमत तक्रारदारालाच मोजावी लागते, तेथे तक्रारी येत नाहीत, आणि हजारो विद्यार्थी असलेल्या परिसरात वर्षानुवर्षे एकही तक्रार न येणे हे मला तरी चिंतेचेच लक्षण वाटते.

व्याख्याने अवश्य व्हावीत, पण त्यांवर माझा फारसा भरवसा नाही. छळ करणाऱ्याला आपले वर्तन चुकीचे आहे हे बहुधा माहीत असते. आपल्याला कोणी विचारणार नाही, हेही त्याला माहीत असते. ही दुसरी खात्री ज्या व्यवस्थेतून येते, तिच्याकडे पाहावे. पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचे प्रगती अहवाल, शिष्यवृत्तीच्या कागदांवरील सही, परिषदेला जाण्याची परवानगी, प्रबंध सादर करण्याची वेळ आणि पुढे नोकरीसाठी लागणारे शिफारसपत्र या सर्व गोष्टी एकाच मार्गदर्शकाच्या हाती असतील, तर तिने नाही म्हणायचे तरी कोणाच्या बळावर? संशोधकाच्या प्रगतीचा आढावा घेणाऱ्या संशोधन सल्लागार समितीची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी. विनियमांतच आहे, पण अनेक विभागांत तिची बैठक केवळ सह्यांपुरती होते. ती खरोखर घेतली जावी, विद्यार्थ्याला मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत दहा मिनिटे तरी बोलता यावे, आणि मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज त्याच मार्गदर्शकाच्या सहीवाचून पुढे जावा, एवढे तीन बदल करून घेतलेत तरी पुष्कळ झाले.

क्षेत्रभेटी, अभ्याससहली, प्रशिक्षणासाठीचे वास्तव्य, क्रीडास्पर्धा आणि सांस्कृतिक महोत्सव हेही लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठीच्या आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार परिसरातच मोडतात. प्रत्येक सहलीपूर्वी निवासाची व्यवस्था कशी आहे, सोबत कोण आहे आणि रात्री अडचण आल्यास कोणाला कळवायचे, हे लेखी ठरवून द्यावे. हे काम किरकोळ वाटते, म्हणूनच ते कोणी करत नाही.

कायदेवाचक :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. एका महाविद्यालयाच्या समितीवर बाह्य सदस्य या नात्याने काम करत असल्यामुळे कायद्याची बाजू मांडतो.

लैंगिक छळाविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आणि त्याच विषयावरील २०१३ चा कायदा हे मुख्यतः कामाच्या ठिकाणच्या महिलांसाठी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी, जे मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले, विद्यार्थ्यांना स्पष्टपणे कक्षेत घेतले आणि काही पुरुष विद्यार्थी व तृतीयपंथी विद्यार्थीही अशा हिंसेला बळी पडू शकतात हे मान्य केले. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्ती समितीच्या सदस्य असू शकत नाहीत. आपल्या समितीची यादी एकदा याच नजरेने तपासा. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरील तीन विद्यार्थी सदस्य समितीत असतात, म्हणजे आपले स्थान शोभेचे नाही.

मुदतीचा प्रश्न सर्वांत अडचणीचा आहे. तक्रार घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत द्यावी लागते. समिती लेखी कारणे नोंदवून आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. मार्गदर्शकावर चार-पाच वर्षे अवलंबून असलेली व्यक्ती पदवी हाती पडेपर्यंत गप्प राहते आणि तोवर मुदत उलटून गेलेली असते. त्यामुळे ही मुदत प्रवेशाच्या वेळीच सांगणे हे प्रतिबंधाचेच काम आहे. त्याच वेळी हेही सांगावे की चौकशी सुरू असताना तक्रारदाराच्या कामाचे व परीक्षांचे मूल्यमापन संबंधित व्यक्तीकडून काढून घेता येते, आणि आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

घाईबद्दलही एक इशारा द्यावासा वाटतो. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाच्या प्रकरणात समितीने २००९ च्या मे महिन्यात सुनावण्या इतक्या झपाट्याने उरकल्या की त्या व्यक्तीला बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. चौदा वर्षांनी पुन्हा मागे जावे लागण्याचा त्रास तक्रारदारांच्याच वाट्याला आला. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळण्यात तक्रारदाराचेही हित असते ते असे.

प्रबंधवासी :
प्रश्नातील दुसऱ्या भागाकडे अद्याप कोणी वळलेले नाही. जातीय भेदभाव लैंगिक छळाच्या समितीच्या कक्षेत येत नाही, असे सांगून अनेकांना परत पाठवले जाते, आणि कागदोपत्री ते बरोबरही असते. मात्र आयोगाने २०१२ मध्येच समता प्रोत्साहनासाठी स्वतंत्र विनियम करून समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली होती. वर्गात विद्यार्थ्याला राखीव प्रवर्गातील म्हणून संबोधणे, प्रयोगशाळेत प्रवेश देऊनही काम करू न देणे, खराब निकालाचे कारण जातीत शोधणे, अशी उदाहरणे त्यांत नमूद आहेत. आपल्या विद्यापीठात या पदावर कोण आहे, हे शोधून पाहा. बहुधा एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाकडे अन्य चार कामांसोबत हे पद दिलेले असते आणि खुद्द त्यांनाच त्याचा विसर पडलेला असतो.

शिवाय प्रत्यक्षात या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत. ज्या मुलीच्या घरातील पहिलीच पदवी तिची असणार आहे, जिची शिष्यवृत्ती अडकलेली आहे आणि जिच्या बाजूने बोलणारे विभागात कोणी नाही, तिलाच हेरले जाते. म्हणून शिष्यवृत्तीचे कागद वेळेवर निघणे हासुद्धा मी छळ-प्रतिबंधाचाच भाग मानतो.

रानजाई :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. वसतिगृहातील मुली विश्वासाने माझ्याशी बोलतात. परंतु सदस्य या नात्याने ऐकलेली गोष्ट मी लेखी तक्रारीवाचून समितीपुढे मांडावी का?

माजी पीठासीन अधिकारी :
तिच्या संमतीवाचून नाव किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील मांडू नये. तक्रार लिहिण्यास मात्र आपण तिला मदत करू शकता. लेखी देणे शक्य नसेल तर तशी मदत करणे हे समितीचे कर्तव्यच आहे. तिला तक्रार करायची नसेल, तर ठिकाण आणि प्रसंगाचे स्वरूप एवढेच सर्वसाधारणपणे सांगून व्यवस्थेतील बदल मागता येतो, जसे की सायंकाळनंतर प्रयोगशाळेत दोघांहून अधिक जण असावेत, किंवा तोंडी परीक्षा बंद खोलीत एकाच परीक्षकाने घेऊ नये. विभाग लहान असेल तर एवढ्यावरूनही ओळख पटते; म्हणून असा बदल सर्व विभागांसाठी एकाच परिपत्रकाने मागावा, आणि पुढे तिच्याच प्रकरणाची चौकशी झाली तर आपण तिच्याशी आधी बोलला होतात, हे समितीला सुरुवातीसच कळवावे.